जुन्या इंजिनाच्या नटाला १३ ची गोटी बसत नाही आणि १४ ची गरगर फिरते? कारण गोटीत नाही, इतिहासात आहे!

आजोबांची जुनी बुलेट कित्येक वर्षं गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात उभी आहे. एका रविवारी तुम्हाला जोश येतो, नवा कोरा गोटी पान्यांचा सेट उघडता आणि कामाला लागता. १३ ची गोटी नटावर चढतच नाही. १४ ची चढते, पण सैल. "जाऊ दे, चालेल" म्हणून जोर लावता आणि कर्रर्र... नटाचे कोपरे गोल! आता तो नट कुठल्याच पान्याला दाद देत नाही.

मंडळी, यात तुमच्या सेटचा दोष नाही. तो नट मिलिमीटरमध्ये बनलेलाच नाही. मग तो कोणत्या मापाचा आहे आणि त्याची गोटी कशी शोधायची? चला, समजून घेऊया.

एका नटाची तीन घराणी

जुन्या इंजिनांवर साधारण तीन प्रकारची मापं सापडतात.

पहिलं घराणं व्हिटवर्थचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरने सर्वांसाठी एकच माप सुचवलं. पुढे त्यातूनच बारीक आट्यांचं बीएसएफ हे भावंड आलं. जुनी बुलेट आणि विहिरीवर धडधडणारं लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन याच घराण्यातलं.

दुसरं घराणं अमेरिकन. यात नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर इंचात मोजतात. त्याला 'ए/एफ' म्हणतात. जुनी विलीज जीप या पद्धतीची. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून आट्यांची सामाईक पद्धत ठरवली, म्हणून नंतरच्या अनेक ब्रिटिश गाड्यांवरही ए/एफ मापं आली. आपली अॅम्बेसेडर त्यातलीच.

तिसरं घराणं मिलिमीटरचं. प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीच्या फियाटची, म्हणून तिला मिलिमीटरचे पाने लागतात.

म्हणजे मुंबईच्या एकाच चौकात शेजारी उभ्या असलेल्या जीपला, बुलेटला आणि पद्मिनीला तीन वेगळे सेट लागायचे!

खरा घोळ इथे आहे

आपले जुने मिस्त्री "तीन सुताचा बोल्ट दे" म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे हा बोल्ट ३/८ इंच जाडीचा. लक्षात घ्या, इथे जाडी बोल्टच्या दांड्याची आहे, डोक्याची नाही.

व्हिटवर्थचे पाने अगदी असेच असतात. त्यावर '१/४ डब्ल्यू' लिहिलं असेल, तर त्याचं तोंड पाव इंच नसतं. ते १३.३४ मिलिमीटर असतं, कारण पाव इंच जाडीच्या बोल्टचं डोकं तेवढं मोठं असतं. ए/एफ आणि मिलिमीटरच्या गोटीवर मात्र डोक्याचंच माप लिहिलेलं असतं.

त्यात आणखी एक गाठ आहे. बीएसएफ बोल्टची डोकी एक माप लहान असत. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी व्हिटवर्थची डोकीही तशीच लहान केली गेली. म्हणून जुन्या पान्यावर '१/४ डब्ल्यू' आणि '५/१६ बीएस' अशी दोन मापं एकत्र दिसतात.

कोणती गोटी चालेल आणि कोणती नाही?

नट आधी वायर ब्रशने घासून स्वच्छ करा. मग व्हर्नियरने समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा. तिन्ही जोड्या मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा, कारण झिजलेली बाजू कमी दाखवते. आता हे ताडून पाहा:

• ३/१६ डब्ल्यू – ११.३० मिमी. ११ ची बसत नाही, १२ ची सैल.
• १/४ डब्ल्यू – १३.३४ मिमी. १४ ची सैल. १७/३२ ए/एफ (१३.४९) मिळाली तर छान बसते.
• ५/१६ डब्ल्यू – १५.२४ मिमी. १५ ची बसत नाही, १६ ची सैल. इथे खरी व्हिटवर्थ गोटीच घ्या.
• ३/८ डब्ल्यू – १८.०३ मिमी. १८ ची बहुतेक वेळा बसते.
• ७/१६ डब्ल्यू – २०.८३ मिमी. २१ ची चालते.
• १/२ डब्ल्यू – २३.३७ मिमी. २४ ची सैल.

ए/एफमध्ये १/२ म्हणजे १२.७० मिमी. त्यावर १३ ची गोटी चढते आणि हलक्या नटाला चालूनही जाते, पण घट्ट नटाला ती लावू नका.

बोल्टच्या डोक्यावरही खुणा असतात. ८.८ किंवा १०.९ असा आकडा दिसला तर तो मिलिमीटरचा. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तीन किंवा सहा रेघा असतील तर इंचाचा.

अर्धा मिलिमीटर इतका महाग का पडतो?

गोटी नीट बसली की जोर नटाच्या सपाट बाजूंवर पसरतो. सैल असली की ती थोडी फिरते आणि सगळा जोर सहा कोपऱ्यांच्या टोकांवर येतो. ती टोकं चुरडली की नट गोल झालाच म्हणून समजा. त्यामुळे जुन्या इंजिनाला बारा कोनांची नाही, सहा कोनांची गोटी वापरा. स्क्रू पाना आणि पकड तर लांबच ठेवा.

गंजलेल्या नटावर गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर थांबा. उघडताना झटका देण्याआधी थोडं घट्ट, थोडं सैल असं हलवा. उष्णता द्यायची असेल तर पेट्रोलची टाकी आणि पाइप आधी काढून बाजूला ठेवा.

नट गोल झालाच असेल तर किंचित लहान सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून बसवा. उदाहरणार्थ, झिजलेल्या १/४ डब्ल्यूवर १३ ची. नट निघेल, पण पुन्हा लावायच्या लायकीचा राहणार नाही.

नवा नट किंवा बोल्ट घेताना फक्त जाडी पाहू नका. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंश असतो, बाकी दोघांचा ६० अंश. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे चढतो आणि मग केसिंगमधले आटे खाऊन टाकतो. बोल्ट काही रुपयांत मिळतो, केसिंग नाही.

व्हिटवर्थच्या गोट्या नेहमीच्या दुकानात नसतील तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. त्याआधी घरातली जुनी पेटी उघडून बघा. आजोबांनी बुलेटसोबत तिचे पानेही जपून ठेवले असतील!

तुमच्या घरीही असं एखादं जुनं इंजिन उभं आहे का? ही माहिती त्या मित्राला नक्की पाठवा, जो येत्या रविवारी १४ ची गोटी घेऊन बसणार आहे!