बाईंखेरीज आणखी कुणी वाचणार असेल तर

दहावीच्या मराठीच्या पेपरात दर वर्षी लाखो पत्रं लिहिली जातात आणि त्यातलं एकही पोस्टात पडत नाही. अ. ब. क. नावाचा विद्यार्थी कुठल्याशा रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी करतो, परीक्षक ठरलेल्या मुद्द्यांवर खुणा करतात, गुण देतात आणि गठ्ठा बांधून पुढे पाठवतात. नाव उपयोजित लेखन, पण त्याचा उपयोग कुणालाच झालेला नसतो. शाळेतलं बहुतेक लिखाण याच जातीचं. वाचणारा एकच, आणि मूल काय लिहिणार हे त्याला आधीच ठाऊक. मुलंही हुशार असतात. चौथी-पाचवीपर्यंत त्यांना बरोबर कळतं की लिहायचं ते कुणाला काही सांगायला नव्हे, तपासून घ्यायला.

वर्गात ब्लॉग वापरा असं सांगणाऱ्यांच्या म्हणण्यातली खरी मेख इथे आहे. फोन, संगणक, इंटरनेट ही सगळी वरची सजावट. तपासणाऱ्याच्या जागी वाचणारा बसवायचा, एवढाच तो प्रयोग.

आपल्याकडे मात्र ब्लॉग आला तो फळ्याच्या बाजूने, बाकाच्या बाजूने नव्हे. जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, शाळा डिजिटल करण्याची लाट आली आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द केंद्रशाळेच्या बैठकीपासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागला. जिल्हा परिषदेच्या कितीतरी गुरुजींनी या काळात स्वतःच्या हिमतीवर ब्लॉग काढले. कुणी शिकवलं नव्हतं, खर्च खिशातला. शासन निर्णय, चाचण्या, शिष्यवृत्तीचे सराव संच, कवितांच्या चाली, पगारपत्रकाचे नमुने असं सगळं तिथे मिळायचं आणि अजूनही मिळतं. एखाद्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेला तो मोठा आधार होता, हे मान्यच करायला हवं. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर तो सूचनाफलकच. मूल तिथे जातं, पीडीएफ उतरवून घेतं, निघून येतं. लिहिणारे गुरुजीच.

मुलं स्वतः लिहितात असा ब्लॉग पाहायचा तर शिरूर तालुक्यातलं पाबळ गाठायचं. पुण्याहून सत्तरेक किलोमीटर. शिक्रापूरवरून आत वळायचं. गावाची जुनी ओळख मस्तानीच्या समाधीमुळे. नवी ओळख विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतल्या हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३मध्ये इथे माळरानावर मुक्काम ठोकला. पत्नी मीराताईही सोबत आल्या. शाळेत न रमलेली, दहावीला अडकलेली मुलं हाताने काम करू लागली की त्यांची बुद्धीही चालायला लागते, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. २००३मध्ये कलबाग गेले, काम चालू राहिलं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशा चार विभागांत मुलं फिरतात, तिथेच राहतात आणि वेल्डिंगपासून पाव भाजण्यापर्यंत सगळं करतात. लातूरच्या भूकंपानंतर गाजलेली ‘पाबळ डोम’ ही घुमटाकार घरं याच मातीतली.

या मुलांनी केलेल्या कामाच्या नोंदी आश्रमाच्या ब्लॉगवर त्यांच्याच मराठीत आहेत. माती परीक्षण, शोषखड्डा, प्लेन टेबल सर्व्हे, बायोगॅस, फेरोसिमेंटचा पत्रा, शेंगदाण्याची चिक्की, मुरघास. आधी उद्देश, मग साहित्य आणि साधनं, मग कृती. मला सगळ्यात आवडतो तो शेवटचा खर्चाचा तक्ता. अनुक्रमांक, मालाचं नाव, किती लागला, दर, किंमत, आणि सगळ्यात खाली मजुरी. चिक्कीत गूळ आणि शेंगदाणे किती गेले हे कुणीही लिहील. आपल्या हाताचीही किंमत धरायची असते, हे शाळेच्या कुठल्या निबंधात येतं? आणि तक्ता चुकला तर तो उघड्यावर चुकतो. पुढच्या तुकडीतला मुलगा तेच काम करायला घेतो तेव्हा आधीच्याची नोंद उघडून बसतो. त्याचं गणित जुळलं नाही की प्रश्न विचारला जाणारच. शिक्षकाच्या लाल शेऱ्यापेक्षा हा शेरा जास्त लागतो, कारण तो काम अडल्यामुळे आलेला असतो.

अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळा, सुरू केल्या. त्यांपैकी अगदी सुरुवातीची एक २००२मध्ये पाबळला आली. त्या परिवारातल्या ‘फॅब अकॅडमी’ या अभ्यासक्रमाचा नियमच असा की दर आठवड्याला काय केलं ते स्वतःच्या पानावर जगाला दिसेल असं लिहायचं, मूल्यमापन त्यावरूनच. काय बिघडलं, का बिघडलं आणि मग कसं जमवलं, हेही लिहायचं. आपल्या प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ या रकान्याखाली पुस्तकातलं उत्तर उतरवण्याची जी रीत आहे, तिच्या हे नेमकं उलटं.

पाबळच्या पद्धतीलाही दुसरी बाजू आहे. साचा ठरलेला असला की बिचकणाऱ्या मुलाला धीर येतो, पण साच्यात लिहिता लिहिता सगळ्यांच्या नोंदी सारख्या दिसू लागतात. एका तुकडीचं शोषखड्ड्यावरचं लिखाण ओळीने वाचलं तर खड्डा कुणाच्या अंगणात होता, खणताना मुरूम लागला की खडक, हे कधीकधी कळत नाही. उद्देश-साहित्य-कृतीनंतर ‘मला काय नवीन दिसलं’ असा एक रकाना वाढवला तरी बराच फरक पडेल, असं मला वाटतं.

मुलांच्या हातात छापखाना देण्याची कल्पना मात्र इंटरनेटची नाही. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या मुली खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात या मुली-बायकांच्या हातून तयार झालं. १९२२मध्ये रमाबाई वारल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला. काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नसलेली मुलगी उलटा खिळा बोटांनी ओळखून ओळ लावते, म्हणजे ती मजकूर किती बारकाईने वाचत असेल. पण मजकूर रमाबाईंचा. मुलींचं स्वतःचं लिखाण हा त्या छापखान्याचा मुख्य धंदा नव्हता.

ती पुढची पायरी, योगायोगाने त्याच १९२४च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू नावाच्या खेड्यात गाठली गेली. सेलेस्तँ फ्रेने हा तिथला प्राथमिक शिक्षक. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला इजा झालेली. तासभर सलग बोलणं जमेना. मग त्याने बोलणं कमी केलं, मुलांना बाहेर फिरवून आणलं आणि त्यांनी पाहिलेलं त्यांनाच लिहायला लावलं. वर्गात एक लहान छापयंत्र बसवलं. मुलं मजकूर लिहीत, वर्ग मिळून तो दुरुस्त करी, मग खिळे लावून छापत. त्यांची छापील पानं पार ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शाळेत जात आणि तिथल्या मुलांची इकडे येत. डोंगरातल्या पोरांना समुद्रावरची पोरं प्रश्न विचारत. वर्गाच्या ब्लॉगचा आजोबा शोधायचा तर तो हा. नुसत्या छापण्याने काम झालं नसतं. समोरून उत्तर येत होतं म्हणून गाडी पुढे गेली.

आता समजा, केडगाव-यवत पट्ट्यातल्या एखाद्या सातवीच्या वर्गाने असं लिहायचं ठरवलं. विषय शोधायला लांब जायला नको. उसाच्या या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेतच. पहिल्या खेपेला मूल काय लिहील ते सांगायला ज्योतिषी नको: ‘गुऱ्हाळात गूळ बनतो. गूळ आरोग्यास उपयुक्त असतो. आपण गूळ खाल्ला पाहिजे.’ निबंधाची सवय. हे तसंच टाकू द्यावं. मग पाबळकडच्या कोरडवाहू गावातलं, गुऱ्हाळ न पाहिलेलं एखादं मूल विचारतं, गूळ झाला हे कळतं कसं? इथे पंचाईत होते, कारण पुस्तकात ते नाही. मूल पुन्हा गुऱ्हाळावर जातं, गुळव्यामामांना विचारतं. ते काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात सोडतात, बोटांनी गोळी वळते का बघतात. रसात भेंडीचं पाणी कशाला घालता? मळी वर यावी म्हणून. चुलाणात काय जाळता? चिपाड. तेच उसाचं, वाळवलेलं. दुसऱ्या खेपेच्या लिखाणात हे सगळं येतं आणि ‘आपण गूळ खाल्ला पाहिजे’ हे वाक्य आपोआप गळून पडतं. त्यावर शिक्षकाने एक शब्दही खर्च केलेला नसतो. शिवाय द्रावण, बाष्पीभवन, उत्कलन हे विज्ञानाचे धडे कधी होऊन गेले ते कळतही नाही.

एआयचं काय, हा प्रश्न आता येणारच. गुळाचे फायदे यंत्र दहा सेकंदांत लिहून देतं, आपल्या शिक्षणाधिकाऱ्यांना आवडेल अशा भाषेत. गावच्या गुळव्याने आज तिसरी काहील का टाकून दिली, हे त्या यंत्राला विचारून पाहा. विषय जितका जवळचा, तितकी नक्कल अवघड. पाबळच्या खर्चाच्या तक्त्याचं बळही तेच.

बाकी अडचणी कामाच्या आहेत, तत्त्वाच्या नाहीत. फोन वर्गात एकच असतो, तोही गुरुजींचा. म्हणून आधी वहीत लिहायचं आणि पाळी आली की टाइप करायचं. फोनवर मराठी टाइप करणं आता सोपं झालंय, तरी ‘गुऱ्हाळ’मधला अर्धा र आणताना मोठी माणसंही घाम गाळतात. पोरं त्यावर तोडगा काढतात, बोलून टाइप करतात. मग पडद्यावर जे उमटतं त्यात पूर्णविराम नसतात, दोन माणसांचं बोलणं एकाच वाक्यात शिरलेलं असतं. ते मोठ्याने वाचून कुठे थांबायचं हे चार पोरांनी मिळून ठरवणं, हा विरामचिन्हांचा मी पाहिलेला सगळ्यात चांगला तास. व्याकरणाच्या पुस्तकातल्या ‘योग्य विरामचिन्ह द्या’पेक्षा तो कितीतरी पुढचा.

मुलांची नावं-चेहरे जपावे लागतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या लेखी अठराच्या आतला प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळायची तर पालकांची संमती लागते. म्हणून ब्लॉग वर्गाच्या नावाने, खातं शिक्षकांकडे, फोटो काहिलीचा आणि हातांचा, चेहऱ्याचा नाही. नाव हवंच तर मुलाने स्वतः घेतलेलं टोपणनाव. पालक सभेत हे दहा मिनिटांत सांगता येतं, आणि आपल्या पोराचं लिखाण फोनवर वाचायला मिळणार म्हटल्यावर पालकांचा सूरही बदलतो.

खरी भीती वेगळीच आहे. गुरुजींच्या डोक्यावर आधीच ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, मतदारयाद्या. ब्लॉगची कल्पना वरून आदेश म्हणून आली की दुसऱ्या दिवशी ‘सर्व शाळांनी ब्लॉगची लिंक सायंकाळी पाचपर्यंत पाठवावी’ असा संदेश गटावर पडणार. लिंका जाणार, संख्या जुळणार, आणि नोंदी पुन्हा गुरुजीच लिहिणार. त्यापेक्षा दोन शिक्षकांनी आपसात ठरवावं, एक घोडनदीच्या काठचा, एक भीमेच्या. महिन्यातून एका शनिवारी एका वर्गाने लिहायचं, पुढच्या शनिवारी दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. प्रश्नात ‘छान’, ‘खूप सुंदर’ हे शब्द चालणार नाहीत, एवढा एकच नियम. पहिला विषय कोणता, तेही मुलांनाच ठरवू द्यावं. कांद्याच्या चाळीवर लिहायचं की रेल्वे फाटकावर, यावरून वर्गात अर्धा तास भांडण होईल. ते होऊ द्यावं.