हातास जुळणारा कळफलक

कुदळीस दांडा बसविताना शेतकरी आपली उंची पाहतो, आणि शिंपी आपल्या बोटांस सोसेल तीच कात्री निवडतो. हत्यार हातास जुळले पाहिजे, हा नियम कारागिरास कोणी शिकवावा लागत नाही. परंतु दिवसाचे सहा-सात तास संगणकापुढे घालविणारे कारकून, हिशेबनीस, लेखक व विद्यार्थी कळफलक आणि माऊस पेटीतून जसे निघाले तसेच वापरीत राहतात. आणि पुढे मनगट दुखू लागले म्हणजे दोष आपल्या हातास देतात. वस्तुतः या दोन्ही साधनांची जागा, त्यांचा वेग, किंबहुना कळांनी करावयाची कामेही बदलता येतात, आणि यांतील बहुतेक बदलांस काहीही खर्च येत नाही.

टंकलेखन यंत्राचा वारसा

अमेरिकेतील मिलवॉकी येथील क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सहकारी यांनी १८६८ साली टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले. त्यात सुधारणा होत होत १८७० नंतरच्या दशकात ते रेमिंग्टन कारखान्यातून बाजारात आले. या यंत्रात प्रत्येक कळीपासून एक दांडी मागे जात असे. दांड्या एकमेकींस अडू नयेत म्हणून कळांची प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीपासून किंचित बाजूस सरकविलेली असे. आज कळीखाली दांडी नाही. तथापि ओळींचा तो तिरपेपणा कायम आहे. इंग्रजी अक्षरांचा रूढ क्रमही त्याच काळातील होय. ऑगस्ट ड्वोरॅक याने १९३६ साली अधिक सोयीच्या क्रमाचे पेटंट मिळविले, परंतु जुनी सवय हटली नाही.

याचा अर्थ असा की, कळफलकाची आजची रचना हा निसर्गनियम नव्हे. ती एका जुन्या यंत्राची खूण आहे. संगणकाने त्या यंत्राचे बंधन दूर केले आहे. कोणती कळ दाबली असता काय उमटावे, हे आता धातूच्या ठशावर नव्हे, तर आज्ञावलीवर अवलंबून असते.

मनगटातील अरुंद वाट

बोटे वाकविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यांच्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू मनगटातील एका अरुंद मार्गाने तळहातात उतरतात. मनगट सरळ असता ही वाट त्यातल्या त्यात मोकळी असते. ते वर वा खाली वाकले की तिच्यातील दाब वाढतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत वारंवार मुंग्या येत असतील, तर तो या मज्जातंतूवरील दाबाचा परिणाम असू शकतो.

दुसरा ताण आडवा असतो. दोन्ही हात शरीरापुढे आणले म्हणजे ते स्वभावतः तिरपे येतात. कळांची ओळ मात्र सरळ असते. त्यामुळे मनगटे करंगळीच्या बाजूस मुरडावी लागतात. हा दोष ओळखून जर्मनीतील क्लोकेनबर्ग याने १९२६ सालीच कळफलक दोन भागांत विभागण्याची कल्पना मांडली होती. कार्ल क्रोमर याने त्या दिशेने केलेले प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध झाले. आज असे दुभंगलेले कळफलक बाजारात मिळतात. तथापि ते विकत घेण्यापूर्वी करण्याजोगे पुष्कळ आहे.

जागा आणि उंची

कळफलक कोपराच्या उंचीवर किंवा किंचित खाली असावा. मेज उंच असल्यास खुर्चीवर उशी घ्यावी, आणि पाय अधांतरी राहू लागल्यास त्यांखाली फळी ठेवावी. कळफलकाच्या मागील बाजूस असलेले दोन लहान पाय उघडण्याची पद्धत आहे. परंतु त्यामुळे मनगट मागे वाकते. यास्तव ते मिटलेलेच बरे.

उजव्या टोकाचा अंकांचा पट्टा माऊसला दूर ढकलतो, आणि त्यापर्यंत पोहोचण्यासाठी खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. ज्यास अंकांचे काम फारसे नाही, त्याने हा पट्टा नसलेला आखूड कळफलक घ्यावा, अथवा माऊस डाव्या हाती धरावा. डाव्या हातासाठी माऊसच्या दोन बटणांची कामे संगणकाच्या मांडणीत अदलाबदल करता येतात.

देवनागरी लिहिताना

भारतीय लिप्यांसाठी केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट नावाची समान मांडणी निश्चित केली. तिच्यात मात्रा डाव्या हाताकडे व वर्गीय व्यंजनांचा मोठा भाग उजव्या हाताकडे आहे. त्यामुळे 'की', 'तो', 'दे' अशी अक्षरे लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ तिच्या वरच्या कळीवर. हाच क्रम च, ट, त आणि प या वर्गांतही आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या इतर भारतीय लिप्यांतही क त्याच जागी असल्यामुळे बंगळुरू येथील मराठी माणसास कन्नड लिहिताना बोटांस नवा क्रम शिकवावा लागत नाही.

या मांडणीत एक भार मात्र आहे. ख, थ, भ यांसारखे महाप्राण वर्ण, स्वतंत्र स्वर, आणि मराठीत पदोपदी येणारे ण, ळ व श यांसाठी शिफ्ट दाबावी लागते, आणि ती कळ करंगळीच्या वाट्यास येते. अक्षर डाव्या हाताचे असेल तर उजवी शिफ्ट, आणि उजव्या हाताचे असेल तर डावी, अशी सवय लावल्यास हा भार विभागला जातो. याहून अधिक आराम हवा असल्यास 'स्टिकी कीज' ही सोय चालू करावी. मग शिफ्ट दाबून सोडली तरी पुढील अक्षरास ती लागू होते. एकाच हाताने काम करणाऱ्या मनुष्यास तर ही सोय केवळ आरामाची नसून उपजीविकेची ठरते. ज्याची बोटे कापतात, त्यास क्षणिक स्पर्शाकडे दुर्लक्ष करणारी 'फिल्टर कीज' ही सोय उपयोगी पडते.

कॅप्स लॉक ही मोक्याच्या जागी असूनही क्वचित लागणारी कळ आहे. तिला कंट्रोलचे काम देता येते. मॅक व लिनक्सवर ही सोय अंगभूत आहे. विंडोजसाठी पॉवरटॉइज हे विनामूल्य साधन आहे.

माऊसची गती

डग्लस एंगेलबर्ट व बिल इंग्लिश यांचा पहिला माऊस १९६४ साली लाकडी खोक्याच्या रूपात साकारला. त्याच्या दहा वर्षे आधी पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखविले होते की, लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हातास तेथे पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. यास्तव पडद्यावरील चिन्हे मोठी करणे हा सुद्धा हाताला दिलेला विसावाच होय. दर्शकाची गती फार मंद असेल तर माऊस पुनःपुन्हा उचलून ठेवावा लागतो. फार तीव्र असेल तर नेम साधताना बोटे आखडतात. एका सहज हालचालीत दर्शक पडदा ओलांडील आणि लहानशा चौकटीवर न डळमळता थांबेल, ती गती योग्य समजावी. माऊस सैल धरावा, आणि तो मनगटाने नव्हे, कोपरापासून हलवावा.

हे सर्व बदल एकाच दिवशी करू नयेत. एका वेळी एकच बदल करून त्यास आठवडाभर अवधी द्यावा. अन्यथा कशाने आराम पडला हे कळणार नाही. मधूनमधून हात थांबवावा, कारण उत्तम मांडणीही विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. एवढे करूनही मुंग्या व बधिरता टिकून राहिली, किंवा त्यामुळे रात्री झोपमोड होऊ लागली, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे. कळफलक बिघडला तर दुसरा आणता येतो. मनगटाची गोष्ट तशी नाही.