पाणी जातंय कुठे?

बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला निघालो होतो. चढणीवर टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच बाबा ओरडले, "हात लावू नकोस!" बरोबरच होतं. बंद सिस्टिममध्ये दाब असतो, म्हणून आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की तेच उसळून अंगावर येतं.

खरी चूक माझीच. दोन महिने टाकीतली पातळी उतरत होती आणि मी नुसतं पाणी ओतत होतो. पार्किंगमध्ये फरशी कोरडी, म्हणजे गळती नाही, असा माझा हिशोब. आमच्या धंद्यात याला एरर मेसेज लपवणं म्हणतात, बग तसाच.

मेकॅनिकने थंड इंजिनावर, रेडिएटरच्या तोंडाला छोटा पंप लावून एक बारच्या आसपास दाब दिला. थोड्या वेळात मीटरचा काटा उतरू लागला आणि वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब ओघळला. आतलं सील गेलं होतं. गळलेलं कूलंट गरम धातूवरच वाळायचं, मागे फक्त हिरवट-पांढरा डाग. तो मी धूळ समजलो होतो!

बाहेर कुठेच डाग नसेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर. तेव्हा गाडी चालवू नका, टो करून न्या.

हल्ली दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बाबा टाकीची पातळी बघून येतात. मला विचारत नाहीत.