वायरलेस माइकचा आवाज मध्येच का तुटतो?

माइकमधला ट्रान्समीटर आवाज रेडिओ लहरींवर चढवून पाठवतो. या लहरी भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी रिसीव्हरपर्यंत येतात, कधी एकमेकींना रद्द करतात आणि आवाज तुटतो. म्हणूनच चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एकीकडे सिग्नल पडला, की दुसरीकडचा घेतला जातो.

दुसरा घोळ फ्रिक्वेन्सीचा. ५०० आणि ५०१ मेगाहर्ट्झवरचे दोन माइक अगदी जवळ आले, तर ४९९ आणि ५०२ वर नको असलेले सिग्नल तयार होऊ शकतात. तिसरा माइक तिथे लावू नका!

कार्यक्रमाआधी आपले सगळे माइक बंद ठेवून रिसीव्हरवर स्कॅन करा आणि मोकळी फ्रिक्वेन्सी निवडा. अँटेना प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा, कारण माणसाचं शरीरही लहरी शोषून घेतं.