इसारापासून फेरफारापर्यंत : जाफराबादेत जमिनीचा पूर्णवेळ धंदा

तालुक्याच्या गावी जमिनीचा पूर्णवेळ धंदा करणे म्हणजे स्वतःच्या पैशाने शेत किंवा प्लॉट घ्यायचा, त्यातला अडथळा काढायचा आणि मग तो विकायचा. दलाली हा या धंद्याचा सख्खा शेजारी. मात्र दलालाचे पैसे अडकत नाहीत, गुंतवणूकदाराचे अडकतात. मोठ्या शहरात फ्लॅटच्या भाड्यावर घर चालू शकते. जालना जिल्ह्यातल्या पूर्णाकाठच्या जाफराबादेसारख्या नगरपंचायतीच्या गावात भाडे येते ते रस्त्याकडेच्या गाळ्यांचे आणि बदलीवर आलेल्या नोकरदारांच्या खोल्यांचे. त्यामुळे मुख्य उलाढाल जमिनीचीच, आणि तिथे खरी कमाई होते ती भाव चढण्यापेक्षा कागद स्वच्छ होण्यातून.

कागद गुंतण्याचे कारण मराठवाड्याच्या इतिहासात आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने कुळांना हक्क मिळाले आणि १९५४ च्या कायद्याने बरीच इनामे खालसा झाली. निर्वाहासाठी दिलेले मदतमाश इनाम, देवस्थान वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश, कुळाला मिळालेली जमीन, गायरानातला पट्टा या प्रत्येक प्रकाराची विक्रीची अट वेगळी आहे. खिदमतमाश जमीन तर मोकळेपणाने विकता येत नाही. तालुक्याची हद्द ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा किंवा चिखलीकडे गेले की विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा लागतो. एका बाजूचा अनुभव दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा चालत नाही.

म्हणून पहिले शिक्षण सातबारा वाचण्याचे. भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग-१’ असेल तर वाट बरीचशी मोकळी असते. ‘वर्ग-२’ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी किंवा नजराणा आला. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीला दहा वर्षे उलटली असतील, तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून अट सुटते. त्यानंतर नजर जाते ‘इतर हक्क’ या रकान्याकडे. सोसायटीचा वा बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कोर्टातला वाद, जुन्या कुळाचे नाव हे सारे तिथेच दडलेले असते. सातबारा आजची स्थिती सांगतो, ती कशी आली हे फेरफार सांगतात. ते मागे मागे वाचत १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत गेले, की मालकीची साखळी कुठे तुटली ते कळते. नव्या माणसाने पहिले काही महिने खरेदी न करता नुसते हे वाचन केले तरी वेळ वाया जात नाही.

साखळी बहुतेक वेळा वारसांपाशी तुटते. वडिलोपार्जित जमिनीत लेकींना मुलांइतकाच हिस्सा आहे. २००५ ची कायदादुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर त्यावर वाद उरलेला नाही. तरीही भावांच्याच सह्यांवर सौदे ठरतात आणि पुढे बहिणीचा दावा उभा राहतो. खरेदीआधी सर्व वारसांची नोंद, हक्कसोडपत्र किंवा संमती हाती असावी. दुसरा धोका व्याजात लिहून घेतलेल्या जमिनीचा. बेकायदा सावकारीत घेतलेली जमीन २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार पंधरा वर्षांपर्यंत मूळ मालकाला परत जाऊ शकते. अशी जमीन स्वस्त मिळते, ती याच कारणाने.

शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. ज्याच्या नावावर शेत नाही, त्याची सुरुवात बिगरशेती प्लॉटपासून किंवा गाळ्यापासून होते. शेतजमिनीचे छोटे तुकडे घेण्यावर तुकडेबंदी कायद्याचा लगाम आहे. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र ठरले.

नफ्याचा मोह सर्वांत जास्त प्लॉटिंगमध्ये असतो. हिशेब असा : एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा वजा जाता विकण्याजोगी जमीन साधारण २२ ते २४ गुंठेच उरते. म्हणजे १,२०० चौरस फुटांचे वीस-एकवीस प्लॉट. खरेदीचा, बिगरशेतीचा, मोजणीचा, मुरूम आणि नाल्यांचा सारा खर्च त्यांतूनच निघायचा असतो. शिवाय ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठाहून जास्त प्लॉटच्या ले-आउटला महारेरा नोंदणीशिवाय जाहिरात वा विक्री करता येत नाही. नोटरीच्या कागदावर गुंठा-गुंठा विकणे सोपे दिसते. पण त्याने ना मालकी मिळते, ना बांधकाम परवाना.

भाव कुठे हलतो याचेही गणित आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यात जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो, जाफराबाद तालुक्यातून नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव रेल्वेमार्ग शेजारच्या भोकरदनवरून आहे. अशा बातमीनंतर भाव आधी बोलण्यात चढतो आणि खरेदीखतात बराच उशिरा दिसतो. रूळ ज्या गटातून जाणार तो गट घेतला, तर हाती मोबदला येतो, प्लॉटिंग नाही.

सौदा ठरला की इसार. अचल मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला चालत नाही, म्हणून इसार धनादेशाने किंवा खात्यावर द्यावा आणि पावतीत गट नंबर, चतुःसीमा, मुदत लिहावी. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि बांधावर जाऊन शेजाऱ्यांशी बोलणे ही कामे इसाराच्या मुदतीत उरकतात. कागदावर रस्ता असतो आणि शेतात नसतो, हे बांधावरच कळते. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क वेगळे. मग फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की नाव सातबाऱ्यावर चढते.

राहिला पैशाचा प्रश्न. शेतजमिनीचा पैसा वर्षानुवर्षे अडकतो आणि विक्री पीक हाती आल्यावर वेग घेते. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी दोन वर्षांचा घरखर्च बाजूला हवा आणि व्याजाच्या पैशाने इसार देऊ नये. करही बदलतो. अधूनमधून जमीन विकणाऱ्याचा नफा भांडवली नफ्यात मोजला जातो. सतत घेणे-विकणे करणाऱ्याचा नफा धंद्याचे उत्पन्न धरला जातो, आणि ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीला मिळणारी करसवलतही तिथे सहसा टिकत नाही. त्यामुळे पहिल्या खरेदीपासूनच हिशेबाची वही आणि प्रत्येक गटाची स्वतंत्र फाइल ठेवावी लागते. पुढे तोच गट विकताना घेणाऱ्यापुढे ती फाइल ठेवता आली, की दर ठरवताना घासाघीस कमी होते.