जंतू मेले, कावीळ आली

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये यमुनेला मोठा पूर आला. तो ओसरला तेव्हा नदीने दिल्लीजवळचा आपला प्रवाह बदललेला होता. शहराला पाणी पुरवणारे पंप वझिराबादला. त्यांच्या थोडं खाली नजफगडचा नाला यमुनेला मिळतो. शहराचं सांडपाणी घेऊन येणारा हा नाला पंपांच्या खालच्या अंगाला असल्याने त्याची घाण एरवी पुढे वाहून जायची. त्या नोव्हेंबरात मात्र नाल्याचं पाणी मागे फुगलं आणि जिथून दिल्लीचं पिण्याचं पाणी उचललं जात होतं, नेमकं तिथे येऊन पोचलं.

जलकेंद्रातल्या अभियंत्यांच्या हे वेळीच लक्षात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनचा डोस वाढवला. त्याचा गुणही आला. टायफॉइडची साथ आली नाही, हगवणीचे रुग्ण वाढले नाहीत. पुस्तकात लिहिलेलं सगळं पार पडलं होतं.

डिसेंबरात डोळे पिवळे झालेली माणसं दवाखान्यांत येऊ लागली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे २९,००० दिल्लीकरांना कावीळ झाली होती. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, म्हणून ही साथ नोव्हेंबरातल्या पाण्याची होती हे मागाहून उलगडलं. तोवर ते पाणी पिऊन झालेलं होतं.

क्लोरीनने जिवाणू मारले, विषाणू मात्र निसटला. पण कोणता? तेव्हा पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे आज आपण जिला हेपटायटिस ए म्हणतो ती, असंच सगळे धरून चालले. यात एक गोष्ट खटकण्यासारखी होती. हेपटायटिस ए भारतात बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि पुन्हा होत नाही. मग दिल्लीत एवढी मोठी माणसं आजारी कशी पडली? गरोदर बायकाच जास्त का दगावल्या?

विषाणू कोणता, याच्या उत्तरासाठी पंचवीस वर्षं थांबावं लागलं, आणि त्यातला एक धागा पुण्यातून जातो. दिल्लीच्या साथीतले रक्तद्रवाचे नमुने जपून ठेवलेले होते. हेपटायटिस ए ओळखणाऱ्या चाचण्या १९७० च्या दशकात हाती आल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर हे जुने नमुने तपासले. जोडीला अहमदाबादच्या साथीतले आणि पुण्यातल्या रुग्णांचे नमुनेही होते. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला : हा ‘ए’ नाही आणि ‘बी’ही नाही. त्याच वर्षी काश्मीरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी १९७८ मध्ये खोऱ्यात आलेल्या साथीचा अभ्यास करून हेच सांगितलं.

विषाणू डोळ्यांनी पाहायचा मान मात्र मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाला मिळाला, आणि त्यासाठी त्यांनी जे केलं ते आजची कुठलीही नीतिमत्ता समिती करू देणार नाही. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ होती. बालायान यांना स्वतःला हेपटायटिस ए पूर्वीच होऊन गेलेला होता. त्यांनी आजारी सैनिकांच्या विष्ठेचे नमुने एकत्र केले, दह्यात कालवले आणि ते खाल्ले. छत्तिसाव्या दिवशी ते काविळीने आजारी पडले आणि त्यांच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे गोल कण दिसले. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे १९९० च्या सुमारास विषाणूचं जनुकीय द्रव्य हाती आलं आणि आजाराला हेपटायटिस ई हे नाव मिळालं.

हा कण जेमतेम ३० नॅनोमीटरचा. पाणी पिण्यायोग्य आहे का हे ठरवताना प्रयोगशाळा ज्या ई. कोलाय जिवाणूचा शोध घेतात, त्याच्या लांबीत असे साठ-सत्तर विषाणू ओळीने बसतील. धुवट कापडाने गाळलेल्या पाण्यातून तो जातो, साध्या कँडलच्या फिल्टरमधूनही जाऊ शकतो. तुरटी गाळ खाली बसवते; विषाणू त्या गाळाबरोबर काही प्रमाणात खाली जातो, पण मरत नाही. क्लोरीनने तो मरतो खरा, पण मात्रा जास्त लागते, वेळ लागतो आणि पाणी गढूळ असून चालत नाही, कारण मातीच्या कणांआड विषाणू लपतो. भारतीय मानकात हा फरक नोंदवलेला आहे : नळाच्या पाण्यात एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. पाण्यात ई. कोलाय नाही एवढ्या एका दाखल्यावर निर्धास्त होण्यात काय धोका आहे, ते दिल्लीने तेव्हाच दाखवलं होतं.

महाराष्ट्राला हा आजार दूरचा नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही जीव गेले आणि तपासात हेपटायटिस ई निघाला. अशा साथीला नदीला पूरच यावा लागतो असं नाही. आपल्या गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, कुठे दोन-चार दिवसांआड. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब उतरतो. गटाराशेजारून गेलेल्या वाहिनीला चीर असेल, तर आतलं पाणी बाहेर झिरपण्याऐवजी बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी नळ सोडला की ती सगळ्यात आधी घरात येते. पहिलं पाणी सोडून द्यायचं ही घरातल्या बायकांची सवय म्हणूनच शहाणपणाची आहे, मात्र पाणी स्वच्छ दिसू लागलं म्हणजे विषाणू गेला असं नव्हे.

याच पाण्याचा बर्फ होतो, त्यातच पाणीपुरीचं पाणी कालवलं जातं, कोथिंबीर धुतली जाते. साथीच्या दिवसांत नुसता नळ तपासून भागत नाही ते यासाठी.

बहुतेक रुग्ण चार-सहा आठवड्यांत आपोआप बरे होतात. याचं श्रेय गावोगाव काविळीच्या माळेला मिळतं. ओल्या काड्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत लांबत गळ्यातून पोटापर्यंत येते. तोवर यकृत आपलं आपण सावरलेलं असतं. माळेने अपाय होत नाही. तिच्या भरवशावर दवाखाना लांबणीवर पडतो, तो अपाय. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे प्रमाण इतकं का, याचं पुरतं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. या आजारावरची लस चीनने २०११ मध्ये मंजूर केली. साथ सुरू असताना ती पहिल्यांदा वापरली गेली ती २०२२ मध्ये, दक्षिण सुदानमधल्या बेन्तिऊच्या विस्थापितांच्या छावणीत.

उकळण्यापुढे मात्र या विषाणूचं काही चालत नाही. घरात गरोदर बाई असेल तर साथीची वाट न पाहता तिच्या पिण्याचं पाणी खळखळून उकळू लागल्यावर आणखी मिनिटभर गॅसवर राहू द्यावं. आणि गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी करायला आला, की कोणता नळ तपासला ते विचारावं. पाण्यात क्लोरीन असेल तर थेंब टाकल्यावर नमुना पिवळा होतो. टाकीजवळच्या नळाचं पाणी सहसा पिवळं होतंच. ही चाचणी गावातल्या शेवटच्या नळावर करायची असते.