किलोमागे चाळीस सेकंद

पंचवीस-तीस हजारांची माउंटन बाइक पहिल्याच मोठ्या चढावर जड वाटू लागते. या किमतीत ती बहुधा १४-१५ किलोची असते. मग सल्ले येतात: हँडलबार कार्बनचा घे, बोल्ट टायटॅनियमचे बसव. पाकिटात हात घालण्याआधी थोडं गणित केलेलं बरं.

समजा, सायकलस्वार ७० किलोचा आहे आणि सायकल, पाणी, कपडे, बूट मिळून २० किलो. सिंहगडाच्या घाटात ५०० मीटर उंची चढायची आहे. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ४४१ किलोज्यूल येतात. टायर रस्त्यावरून लोळताना आणखी शंभरेक किलोज्यूल खातो. हौशी माणूस सलग १५० वॉट ताकद लावतो असं धरलं, तर हा चढ साधारण तासाभराचा. आता सायकल पूर्ण एक किलोने हलकी केली, तर वाचतात अवघे ४० सेकंद.

स्वस्तात मिळत असतील तर हे सेकंद जरूर घ्यावेत. सगळ्यात स्वस्त वजन पान्याने उतरतं. लोखंडी स्टँड काढा, मागच्या चाकातली प्लॅस्टिकची चकती काढा. वाटेत पाणी मिळणार असेल तर दुसरी भरलेली बाटली घरी ठेवा. पाऊण लिटर म्हणजे पाऊण किलो.

चाकाचं वजन दुप्पट धरावं, असंही ठासून सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रिम आणि टायर पुढे जातात आणि त्याच वेळी गरगर फिरतात, म्हणून त्यांना वेग द्यायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. पण ती वेग देतानाच. एका लयीत चढताना चाकातला किलो आणि सीटमधला किलो सारखाच. ताशी १८ किलोमीटर वेग गाठायला रिममधल्या एका किलोला २५ ज्यूल लागतात, आणि तोच किलो ५०० मीटर वर न्यायला ४,९००. जंगलवाटेवर शंभर वेळा ब्रेक लावून पुन्हा तो वेग पकडला, तरी खर्च त्याच्या निम्माच.

तरीही पहिला पैसा टायरवरच घालावा, असं माझं ठाम मत आहे. कारण वेगळं आहे. जमिनीला टेकलेला रबर दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. स्वस्त टायरचं कापड जाड दोऱ्यांचं आणि ताठ असतं, त्यामुळे गळती जास्त. वरच्याच घाटात उतार साडेसात टक्के धरू. टायरचा रोध वजनाच्या २ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आला, तर सुमारे तीन मिनिटं वाचतात. म्हणजे साडेचार किलो वजन कमी केल्यासारखं! शिवाय तारेच्या कडेऐवजी घडी होणारा टायर घेतला तर दर चाकामागे शंभरेक ग्रॅम उतरतात, ते वेगळेच.

ट्यूबलेसकडे मात्र वजनासाठी पाहू नये. दोनशे ग्रॅमची ट्यूब निघते, पण तिच्या जागी शंभर मिलिलिटर सीलंट आणि व्हॉल्व्ह येतो. खरा फायदा आपल्या माळरानावर कळतो. बाभळीच्या काट्याचं भोक सीलंट आतून बुजवतो. हवा कमी ठेवता येते, मग टायर दगडावरून उसळण्याऐवजी दगड पोटात घेतो. आपला रिम ट्यूबलेसला चालतो का, हे आधी विचारून घ्यावं.

बाकीच्या भागांसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताशी ठेवा. जुना भाग त्यावर ठेवा, नव्याचं वजन विचारा आणि किंमत वाचलेल्या ग्रॅमने भागा. जाडजूड सीट आणि लोखंडी सीटपोस्ट बदलणं इथे उजवं ठरतं, टायटॅनियमचे बोल्ट सपशेल नापास होतात. टायर, कॅसेट, ग्रिप झिजणारच आहेत. ते संपल्यावर बदलले तर जादा मोजावा लागतो तो फक्त किमतीतला फरक. हँडलबार, स्टेम आणि क्रँक हलके हवेत म्हणून अनोळखी स्वस्त माल कधीही लावू नका. ते उतारावर तुटले तर थेट हाडांवर बेततं.

पुढचे तीन गिअर काढून एकच ठेवला, तर चारेकशे ग्रॅम जातात, पण दात मोजूनच हात घाला. पुढे २२ आणि मागे ३४ दात असताना पेडलच्या एका फेरीत चाक ०.६५ फेऱ्या फिरतं. पुढे ३२ आणि मागे ४२ केलं तर ०.७६, म्हणजे सगळ्यात हलका गिअर सुमारे अठरा टक्क्यांनी जड. वजन वाचवलं आणि गुडघे गमावले, असं व्हायला नको.

सगळ्यात मोठा लठ्ठ भाग म्हणजे स्प्रिंगचा फोर्क, अडीच किलोच्या आसपास. हवेचा फोर्क अर्धा-पाऊण किलोने हलका असतो आणि आपल्या वजनाप्रमाणे त्यात हवा भरता येते. मात्र तो महाग असतो आणि फ्रेमच्या हेडट्यूबमध्ये बसलाही पाहिजे. त्याची किंमत सायकलच्या निम्म्यावर जात असेल, तर ते पैसे पुढच्या सायकलसाठी बाजूला ठेवणं मला जास्त पटतं.